तिरकी मी काढली

मी दत्ताराम. जन्म भांडुपचा, टेकडीवरच्या चाळीतला, मूळ गाव कुडाळच्या बाजूला, पिढीजात सुतार. आता अठ्ठावन्न पूर्ण होतील. बाबा गिरणीत होते, पण मशिनवर नाय, सुतारखात्यात, आणि गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे लोक हात चोळत बसले, आमच्या बाबांनी घरासमोरच्या चार हात जागेत पटाशी-रंधा मांडला आणि दाराच्या चौकटी करायला घेतल्या. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि चौकट धरून उभं राहायचं, ते ठोकणार, मी धरणार.

काय सांगू तुम्हाला, बाबा फार कडक. एकदा एक चौकट मीच मापली, हा कोपरा ते समोरचा खालचा कोपरा टेप लावला, मग दुसऱ्या बाजूने लावला, दोन्ही मापं एकसारखी, मी खूश, बोललो बाबा काटकोनात आहे. बाबांनी नुसतं बघितलं आणि बोलले खोल सगळी. मी बोललो का, कर्ण सारखे आहेत ना. तर त्यांनी वरची बाजू मापून दाखवली नि खालची मापून दाखवली, वर अर्धा इंच कमी होती. दोन्ही अंगांनी सारखीच आत आलेली, म्हणून कर्ण जुळले. तेव्हा बाबा बोलले, आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का बघ, मग कर्ण बघ, दोन्ही जमलं तरच चारी कोन नव्वदचे. ते डोक्यात जे बसलं ते बसलं.

शाळेत मी तसा ढ, इंग्रजीने वाट लावली माझी, पण भूमिती मला यायची. आमच्या बाई होत्या, त्यांनी एकदा कागदाचा कसाही वेडावाकडा चौकोन कापून आणायला सांगितला, मग त्याचे चारी कोपरे फाडायला लावले, आणि ते चार तुकडे टोकाला टोक लावून ठेवले तर पूर्ण गोल झाला, कुठे फट नाय. तीनशे साठ अंश, बाई बोलल्या, चौकोन कसाही असू दे, चारी कोनांची बेरीज तेवढीच. मी घरी येऊन प्लायच्या तुकड्यांवर दुपारभर तेच करत बसलो, बाबांची आरी खराब केली म्हणून मार खाल्ला. असो. दहावीला नापास झालो आणि बाबांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी मला गोरेगावला स्टुडिओत लावलं.

स्टुडिओ म्हणजे लोकांना हिरो-हिरोइन दिसतात. आम्हाला प्लाय आणि खिळे दिसायचे. बंगला पायजे, बंगला उभा करा, हॉस्पिटल पायजे, हॉस्पिटल उभं करा, आठ दिवसांनी तोडा. समोरून भिंत झकास, मागे जाऊन बघाल तर नुसत्या लाकडाच्या चौकटी आणि त्यांना दिलेले टेकू. चाळीस वर्षं मी ते काम केलं, शेवटची दहा-बारा वर्षं मीच मिस्त्री होतो, माझ्या हाताखाली आठ-नऊ माणसं. पुढचं सांगतो ते त्यासाठीच सांगतो, की मी नवखा नव्हतो. मला कळत नव्हतं असं कुणी बोलू नये, मीसुद्धा बोलू नये.

आता मधे प्रकाशचं सांगायला पायजे. प्रकाश लाईटवाला, घाटकोपरचा. सेटच्या वर मचाण बांधतात ना, त्याच्यावर चढून मोठे दिवे लावायचे, फिरवायचे, ते त्याचं काम. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, पण आमचं जमलं, दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. दारू नाय, तंबाखू नाय, बोलायला गोड, आईला एकुलता एक. मला धाकटी बहीण, सुनंदा, आम्ही सुनी बोलतो, तिच्यासाठी स्थळं बघत होतो. मी आईला बोललो, आई, पोरगा माझ्या रोजच्या बघण्यातला आहे. आई बोलली, तुझ्या बघण्यातलो असा तर माका काय इचारतंस. झालं लग्न. तिला दिलं ते मी दिलं, हे लक्षात ठेवा. त्यांना मुलगी झाली, मानसी. घाटकोपरला सासूजवळ राहायचे, सासू जरा तोंडाने फटकळ, पण सुनीला सांभाळून घेतलं तिने.

मानसी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सिरीयलचं काम होतं, मोठ्या घराचा सेट, आणि त्याच्या एका बाजूला लाईटसाठी चौदा फुटांचं मचाण. ते मीच बांधलं होतं. मचाण म्हणजे काय, उभे खांब आणि आडव्या पट्ट्या, म्हणजे एकावर एक, एकाशेजारी एक चौकोनच. आणि प्रत्येक चौकोनात एक तिरकी पट्टी, वरच्या एका कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्यात. आम्ही तिला नुसतं तिरकी बोलतो. ती तिरकी का लागते, तर चौकोनाच्या चार बाजू तुम्ही कितीही मजबूत घ्या, लोखंडाच्या घ्या, तरी कोपरे फिरतात. हा कोन उघडला की शेजारचा तेवढाच मिटतो, समोरासमोरचे दोन मोठे होतात, दुसरे दोन बारीक होतात, बेरीज तीच तीनशे साठ, बाजूंची लांबी तीच, आणि चौकट मात्र आडवी झोपते. तिरकी घातली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाच्या बाजू बदलल्याशिवाय त्याचा कोन बदलत नाय. म्हणून मचाण उभं राहतं. एवढीच गोष्ट आहे. सुताराच्या पोराला सातव्या वर्षी कळते.

त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकले ते नेमके मचाणाच्या खालून. कॅमेरा तिथून पुढे यायला पायजे होता. खालच्या दोन चौकोनांतल्या तिरक्या आड येत होत्या. आर्ट डिपार्टमेंटचा असिस्टंट आला, पोरगेलासाच होता, बोलला मिस्त्री, हे काढा, एका शॉटपुरतं, जेवणाच्या सुट्टीनंतर परत ठोका. मी बोललो वर कुणाला चढवू नका. तो बोलला कुणी नाय चढणार, लाईट लागलेत. आता इथे मी काय करायला पायजे होतं ते सांगतो. मोठी तिरकी काढली तर चारी कोपऱ्यांत छोट्या तिरक्या मारता येतात, हातभर लांबीच्या, खालून ट्रॉली आरामात गेली असती. अर्धा तास लागला असता. माझ्या डोक्यात ते आलं होतं. शप्पत सांगतो, आलं होतं. पण ते घाई करत होते, आमचा सेटचा ठेकेदार बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता, आणि मी बोललोच नाय. हातोडीच्या मागच्या बाजूने चार खिळे काढले, दोन तिरक्या काढल्या, भिंतीला लावून ठेवल्या. दुसऱ्या कुणाला नाय सांगितलं काढायला, मी स्वतः काढल्या. आणि लाईट खात्यात जाऊन सांगायला पायजे होतं की मचाण मोकळं आहे, तेही नाय केलं. मला वाटलं असिस्टंट सांगेल. मी बाजूच्या सेटवर एक दार अडकत होतं ते बघायला गेलो.

शॉट लावल्यावर हिरोइनच्या चेहऱ्यावर सावली येत होती म्हणे. कुणीतरी प्रकाशला बोललं, वरचा लाईट जरा डावीकडे घे. तो चढला.

आवाज मोठा झाला नाय. लोकांना वाटतं कडकड मोडलं असेल, तसं काय नाय, मी बाजूच्या सेटवरून ऐकला तो आवाज, नुसता खिळे कुरकुरल्यासारखा, आणि मग धप्प. धावत गेलो तर मचाण एका अंगाला झोपलेलं, सगळे चौकोन तिरपे, आणि प्रकाश खाली, आणि त्याच्या छातीवर दिवा. डोळे उघडे होते. मला बघून काहीतरी बोलायला गेला, मी बोललो बोलू नको. गाडीत घातलं, माझ्या मांडीवर डोकं होतं, हायवेला गर्दी, जोगेश्वरीच्या पुलापर्यंत होता, मग नव्हता.

सुनीला मी सांगितलं. ते मी नाय सांगत तुम्हाला, ते राहू दे.

पोलीस आले. ठेकेदाराने पहिल्या दिवशी सांगितलं लाकूड सडकं निघालं. तर तो इन्स्पेक्टर हुशार होता, त्याने सगळं फिरून बघितलं आणि बोलला लाकूड तर अख्खं आहे, एक पट्टी तुटलेली नाय, मग पडलं कसं. खरंच होतं ते, एकही लाकूड मोडलं नव्हतं, फक्त कोन बदलले होते. मग दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने मला, असिस्टंटला आणि अजून दोघांना ऑफिसात बसवलं आणि समजावलं, की प्रकाशला केबल ओढायची होती, आड येत होत्या म्हणून त्यानेच तिरक्या काढल्या असणार, तसं सगळ्यांनी लिहून द्यायचं. मेलेल्या माणसाला काय होणार आहे, असं बोलला तो. आणि माझ्याकडे बघून बोलला, मिस्त्री, नायतर तुम्ही आत जाल, मग बहिणीकडे बघणार कोण. मी सही केली. लिहिलं होतं की मी जागेवर नव्हतो, तिरक्या कुणी काढल्या मला माहीत नाय, परंतु लाईटवाले कधी कधी काढतात. परंतु. तो शब्द मला अजून दिसतो.

प्रकरण मिटलं. सुनीला जे मिळायला पायजे होतं त्यातलं फार थोडं मिळालं, चूक त्याची होती ना. ती अंधेरीला एका ऑफिसात चहापाणी, साफसफाई अशा कामाला लागली. मी तिला सांभाळलं, खोटं नाय बोलत, मानसीची शाळा, दुखणंखुपणं, सगळ्याला मी उभा. लोक बोलायचे भाऊ असावा तर असा. सुनी पण बोलायची. जेवताना बोलायची, आणि मी ताटात बघून जेवायचो. आणि प्रकाशची आई, ती म्हातारी, येईल जाईल त्याला सांगायची, माझाच पोर बेफिकीर, स्वतःच्या हाताने मेला, बायको-पोरीचा विचार केला नाय. त्याच्या फोटोला हार घालायची नाय ती. रागाने. मी समोर बसून ते ऐकायचो. नऊ वर्षं ऐकलं.

मानसी नववीत गेली. रविवारचा दिवस, दुपार, माझ्याकडे आली आणि बोलली मामा, चौकोनाचा प्रोजेक्ट आहे, पट्ट्यांचं मॉडेल करून दे. मी लाकडाच्या चार पट्ट्या तासल्या, कोपऱ्यांना नटबोल्ट लावले, दिलं. ती ते हातात घेऊन दाबायला लागली, आयत केला, मग तिरका केला, समांतरभुज झाला, कोनमापक लावून लिहून घेत होती, हा एकशेदहा, हा सत्तर, हा परत एकशेदहा. मामा, लगतच्या दोघांची बेरीज एकशेऐंशीच येते बघ, असं मलाच शिकवत होती. मग बोलली हे पडू नये म्हणून काय करायचं. माझ्या तोंडातून निघून गेलं, तिरकी घाल. मी एक पट्टी कापून दिली, तिने बोल्ट लावला, दाबून बघितलं, हलेना.

तिने तिरकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग बोलली मामा, बाबांनी तिरकी काढली होती ना, आई सांगते. मी बोललो हं. ती बोलली, पण तिरकी तर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात जाते. वरचं टोक बाबांनी काढलं असेल. खालचं टोक तर जमिनीजवळ. ते वरून कसं काढणार, आणि खाली उतरून काढलं असेल तर मग परत वर कशाला चढतील, त्यांना माहीत नव्हतं का?

तुम्ही लिहून घेताय, लिहा. नऊ वर्षांत पोलिसाने नाय विचारलं, कोर्टकचेरीत कुणी नाय विचारलं, ते चौदा वर्षांच्या पोरीने एका पट्टीकडे बघून विचारलं. मी तिला बोललो असतो काहीतरी, फिरवून सांगता आलं असतं. पण तसं केलं नाय. मी बोललो, मानसी, तिरकी मी काढली. बाबाला माहीत नव्हतं.

ती रडली नाय. मॉडेल खाली ठेवलं, चप्पल घातली आणि गेली.

संध्याकाळी सुनी आली. दारातच उभी राहिली, आत ये बोललो तरी आली नाय. माझी बायको मधे पडायला गेली तर तिला हाताने थांबवलं. बोलली दादा, पोरगी काय सांगते. मी बोललो खरं सांगते. सुनी बोलली, मी नऊ वर्षं त्याला शिव्या घातल्या. रोज. भांडी घासताना, कामाला जाताना. तुला ठाऊक होतं मी घालते ते. मी बोललो हो. ती बोलली, आणि तू माझ्या घरी जेवायला बसायचास.

मला वाटलं आता ती निघून जाईल. नाय गेली. बोलली चल, आत्ताच्या आत्ता चल, म्हातारीला तुझ्या तोंडाने सांग. रिक्षा केली, भांडुप ते घाटकोपर, ती बाहेर बघत होती. मी दोनदा सुनी बोललो, तिने मान वळवली नाय.

प्रकाशच्या आईला तेव्हा नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदू झालेला, खाटेवर बसलेली. सुनी बोलली आई, दादाला काहीतरी सांगायचंय. मी तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं, ट्रॉलीचं, घाईचं, खिळ्यांचं, सहीचं. सगळं झाल्यावर विचारलं तिने, माझ्या प्रकाशला ठाऊक होतं का, पट्टी काढलीय ते? मी बोललो नाय आई, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती मोठ्याने श्वास सोडून बोलली, म्हणजे तो बेफिकीर नव्हता. मी बोललो नाय, तो फार सांभाळून काम करायचा. ती हाताने चाचपडत उठली, सुनीला बोलली याला पाणी दे, आणि मला बोलली पाणी पी आणि जा, परत माझ्या दारात येऊ नको. मी प्यायलो. जिना उतरताना ती आत कुणाला तरी सांगत होती, हार आणा, हार आणा.

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेलो. कागद जुने, साहेब बदललेले, ते बोलले काका, आता कशाला, प्रकरण बंद झालंय. मी बोललो माझा जबाब खोटा आहे, खरा लिहून घ्या. तीन दिवस बसवून ठेवलं, शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. त्याचं पुढे काय होतंय ते मी दर महिन्याला जाऊन विचारतो. वकील बोलतो, कलम लागलं तर तुम्हालाच लागेल. लागू दे. ठेकेदाराला कळलं तेव्हा सगळीकडे फोन गेले, मला गोरेगावात कुणी उभं करेना. आता मुलुंडला एका फर्निचरच्या दुकानात बसतो, कपाटाची दारं बसवतो. आर्ट डिपार्टमेंटचा तो असिस्टंट आता मोठा माणूस झालाय म्हणतात, तो कुठे अर्ज करणार.

काय झालंय मला, कुठे मांडव बघितला, परांची बघितली की माझे पाय थांबतात. गेल्या गणपतीत आमच्याच गल्लीत पोरं स्टेज बांधत होती, तिरक्या नाय मारल्या. मी बोललो मारा. ती बोलली काका, दहा दिवसांचं तर काम आहे. मी खुर्ची घेऊन तिथेच स्टेजखाली बसलो, बोललो बांधा मग माझ्या डोक्यावर. हसली, येडा बोलली, पण मारल्या. माझ्या मनाला त्याने काय बरं वाटलं नाय. खोटं कशाला सांगू. प्रकाशच्या वेळी मी असा बसलो असतो तर, एवढंच डोक्यात येतं, आणि मग दिवसभर तेच.

सुनी माझ्याशी बोलत नाय. दोन भाऊबिजा गेल्या, आली नाय. मी पण गेलो नाय, कुठल्या तोंडाने जाणार. मानसी आता अकरावीला, सायन्स घेतलंय, हे मला बायकोकडून कळतं, बायकांचं फोनवर चालू असतं. या उन्हाळ्यात प्रकाशची आई गेली. सकाळी फोन वाजला, नाव बघितलं तर सुनी. हॅलो नाय, काय नाय, बोलली आई गेल्या, चार वाजता नेणार, ये. आणि ठेवला.

मी गेलो. मागे उभा राहिलो. म्हातारीने मला दारात येऊ नको सांगितलं होतं म्हणून मी आत नाय गेलो, जिन्याच्या खालीच थांबलो. खाली आणली तेव्हा एका बाजूला खांदा द्यायला माणूस कमी पडत होता, सगळे इकडे तिकडे बघत होते, सुनीने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, मान हलवली की नाय ते पण मला नक्की सांगता येणार नाय. मी पुढे झालो, खांदा दिला. परत येताना ती बायकांच्या घोळक्यात होती, मी तसाच घरी आलो. त्यानंतर फोन नाय.

असं आहे. मी माफी मागितली नाय अजून तिच्याकडे, मागितली तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तिच्यावर ते ओझं कशाला टाकू. पोरगी शिकू दे, मोठी होऊ दे, त्या दोघींना देव सुखात ठेवो. माझं काय, सकाळी मुलुंडला जायचं, दारं बसवायची. चला, तुमचा चहा निवला बघा.